अंग पुसण्याची वीस मिनिटे

(रुग्णालयीन कर्मचाऱ्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



ज्याचे सारे आयुष्य अर्थशास्त्र शिकविण्यात गेले, त्याने रुग्णाचे अंग कसे पुसावे यावर बोलावे, हे आपणांस विचित्र वाटेल. काही वर्षांपूर्वी मलाही वाटले असते. परंतु माझे थोरले बंधू एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात १९ दिवस होते. खाटेच्या पायथ्याशी अडकविलेल्या तक्त्यावर ‘औषधी स्नान’ असा रकाना होता आणि त्यात रोज न चुकता बरोबरची खूण असे. एके दिवशी सकाळी सात वाजता मला आत सोडले. खूण झालेली होती. औषधाची बाटली मात्र सीलबंद होती. ती आदल्या संध्याकाळी मीच दुकानातून आणून दिली होती.

मी रात्रपाळीच्या सिस्टरना विचारले. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “सर, आठ पेशंट आणि आम्ही दोघी. एकाला कुशीवर वळवायला दोघी लागतात. तेवढी वीस मिनिटं बाकीच्या सातांकडे कोण बघणार?”

माझ्याजवळ उत्तर नव्हते.

हे स्नान म्हणजे नुसती टापटीप नव्हे. रुग्णाच्या गळ्याजवळील मोठ्या शिरेत जी नळी घातलेली असते, तिच्या वाटेने त्वचेवरील जंतू रक्तात उतरतात. क्लोरहेक्सिडीन नावाचे जंतुनाशक त्वचेवर राहून कित्येक तास काम करते, म्हणून जबड्याखालील सर्वांग त्याने रोज पुसावयाचे असते. अमेरिकेत ७४ अतिदक्षता विभागांत झालेला एक मोठा प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाला. तेथे सर्वच रुग्णांना हे स्नान व नाकात लावावयाचे मलम दिल्यावर रक्तातील जंतुसंसर्ग ४४ टक्क्यांनी घटला. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या पाहणीत, केवळ स्नानाने, तो २८ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. उलट २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या, नॅशव्हिल येथील पाच विभागांतील प्रयोगात काहीच फरक आढळला नाही. हा तिसरा निकाल आपण लपवू नये. स्नान हा जादूचा मंत्र नव्हे. पण जो उपाय अनेक ठिकाणी उपयोगी ठरला, तो तक्त्यावर होतो आणि शरीरावर होत नाही, ही गोष्ट त्यामुळे क्षम्य ठरत नाही.

व्यवस्थापनाच्या भाषेत या प्रश्नाला ‘परिचारिकांचे अनुपालन’ असे नाव आहे. (हा शब्द ऐकला की मला आयकर खात्याची नोटीस आठवते.) या नावातच निकाल दिलेला आहे : आज्ञा योग्य होती, पाळणारी चुकली. मग प्रशिक्षणवर्ग भरतो, भिंतीवर फलक लागतो, तक्त्यात आणखी एका सहीची जागा वाढते.

आता हिशेब करू. आठ रुग्ण, प्रत्येकी वीस मिनिटे, प्रत्येक वेळी दोन परिचारिका; म्हणजे पाच तास वीस मिनिटांचे श्रम. दोघींची बारा तासांची रात्रपाळी धरली तर एकूण २४ श्रमतास. त्यांतील पाचवा हिस्सा आणि वर थोडे, या एकाच कामात जातात. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष अतिदक्षता विभागात एका रुग्णामागे एक परिचारिका असा आहे. त्याप्रमाणे आठ परिचारिका असत्या, तर हेच काम एकूण श्रमांच्या अठराव्या हिश्श्यात बसले असते. सिस्टर आळशी नव्हत्या. ज्या सहा जणी नेमल्याच गेल्या नाहीत, त्यांचे काम त्या खुणेने भरून काढीत होत्या.

नेमल्या का जात नाहीत? वेतन व्यवस्थापनाच्या खर्चात पडते. संसर्ग झाल्यास वाढलेले दिवस व महागडी प्रतिजैविके रुग्णाच्या बिलात पडतात. अमेरिकेतील मेडिकेअर या सरकारी विमायोजनेने ऑक्टोबर २००८ पासून शिरेतील नळीमुळे झालेल्या संसर्गाचा वाढीव खर्च रुग्णालयांना देणे थांबविले. भांडवलशाहीच्या माहेरघरीही निदान एवढा प्रश्न विचारला गेला, की चुकीचा भुर्दंड कोणी सोसावा? आपल्याकडे तो रुग्णाच्या घरचे दागिने सोसतात.

तरीही सगळा दोष व्यवस्थापनावर टाकून आपण मोकळे होऊ नये. जेथे मनुष्यबळ पुरेसे आहे, तेथेही हे काम मागे पडते. त्याचे कारण आपल्या समाजात आहे. सलाईन लावणे ही विद्या. अंग पुसणे हे हलके काम. मग डॉक्टर ते सिस्टरवर, सिस्टर आयामावशींवर आणि मावशी नातेवाइकांवर ढकलतात. परक्या देहाला, त्याच्या मलमूत्राला स्पर्श करण्याची कामे ज्या समाजाने जन्मावरून वाटून दिली, त्याची उतरंड रुग्णालयाच्या दारातून आत येणारच. आपल्या संघटनांमध्येही ‘हे आमचे काम नाही’ असे ठराव मी ऐकले आहेत. मावशींना कोणी सांगितलेले नसते की साध्या साबणाने या औषधाचा गुण जातो, ते लावल्यावर पाण्याने धुवावयाचे नसते, डोळे व कान टाळावयाचे असतात, आणि मानेच्या घड्या, काखा, जांघा व नळीभोवतीची त्वचा सोडावयाची नसते. ही उपचाराची माहिती आहे. ज्यांच्या हातून उपचार होतो त्यांना ती देणे आणि त्या हातांना त्याप्रमाणे वेतन देणे, या दोन मागण्या वेगळ्या करता येणार नाहीत.

शहरी कार्यकर्त्यांस मी एक काम सांगतो. आपल्या भागातील शासकीय रुग्णालयात परवानगी घेऊन रात्रीच्या पाळीस जा. अतिदक्षता विभागात खाटा किती, परिचारिका किती, औषध भांडारात आहे की नातेवाइकांना चिठ्ठी मिळते, रुग्णास वळविण्यास दुसरे कोण येते, एवढेच टिपून आणा. सिस्टरांचे नाव लिहू नका; खूण खरी की खोटी हे विचारू नका, कारण त्या प्रश्नाने फक्त त्यांचीच नोकरी जाते. ते कागद आले की पुढील वर्गात आपण पदभरतीच्या मागणीचा मसुदा आकड्यांसह तयार करू.

बंधूंची ती बाटली अजून माझ्या कपाटात आहे. सील फोडलेले नाही.