चव हाडाची, ताकद डाळीची

धारा काढून झाल्या, पोरांचे डबे भरून झाले, आता रेडिओ लावून भाजी निवडायला बसला असाल. हात चालू ठेवा, कान तेवढे इकडे द्या.

आज बोलायचंय उरलेल्या हाडांविषयी. रविवारी नाहीतर जत्रेला घरी मटण होतं. आधी पाहुणे जेवतात, मग घरातले गडी, मग पोरं. आपण ताट घेऊन बसतो तेव्हा पातेल्यात काय असतं? तळाला चार हाडं आणि वर तेलाचा तवंग असलेला रस्सा. आपण भाकरी कुस्करून खातो आणि म्हणतो, "मला रस्साच आवडतो." खरंच आवडतो का हो? की उरतो म्हणून आवडतो?

माझ्या घरातली गोष्ट सांगते. धाकटी जाऊ बाळंत झाली तेव्हा आमच्या सासूबाई रोज पहाटे खाटकाकडून नळ्या आणायच्या. त्या उकळून वाटीभर आळणी पाणी जावेला पाजायच्या. माया होती त्यात, मी नाही म्हणत नाही. पण त्याच्या जोडीला जेवण काय, तर भात आणि तेच पाणी. डाळीनं वात होतो, भाजीनं बाळाचं पोट दुखतं, म्हणून ते सगळं बंद. सव्वा महिन्यानं जाऊ उठली की तिला अंधारी यायची. उपकेंद्रात रक्त तपासलं, हिमोग्लोबिन आठ. आशाताई घरी आल्या. सासूबाई म्हणाल्या, "अहो, रोज हाडाचं पाणी देतेय की!" आशाताईंनी विचारलं, "मावशी, त्या पाण्यात घालता काय?" सासूबाई म्हणाल्या, "काय घालायचं? मीठ."

तो प्रश्न माझ्या डोक्यात बसला. पाण्यात घालता काय?

मैत्रिणींनो, हाड शिजवलं की पाण्याला चव येते, थोडा चिकटपणा येतो. गार झाल्यावर ते पाणी जेलीसारखं थिजतं, ते सांध्यातल्या आणि कुर्च्यातल्या चिकट भागामुळे. तोही प्रथिनाचाच प्रकार, पण अपुरा. अंगाला लागणारे सगळे घटक त्यात नसतात. आणि हाडातलं कॅल्शियम? ते हाडातच राहतं, पाण्यात फार थोडं उतरतं. कॅल्शियम हवं तर दूध प्या, नाचणी खा. १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं. वाटीभर हाडाच्या पाण्यात त्याच्या आसपासही नसतं.

मग हाडं टाकून द्यायची का? मुळीच नाही. हाडानं चव द्यायची, ताकद डाळीनं आणि धान्यानं द्यायची. जगभरच्या बायकांनी हेच केलंय. इंग्लंड-अमेरिकेत नाताळच्या जेवणात डुकराची खारवलेली मांडी असते. मांस संपलं की तिचं हाड वाटाण्याच्या डाळीत नाहीतर घेवड्याच्या दाण्यांत शिजवतात आणि घरभर पुरवतात. आपल्या मराठवाड्यात आणि हैदराबादकडे दालचा करतात, तोही त्याच चालीचा: मटणाची हाडं, हरभऱ्याची डाळ आणि दुधी.

आता दालचा सांगते, पाच-सहा माणसांचा. हाडं पातेल्यातली घ्यायची, ताटातली उष्टी नाहीत. कमी पडली तर खाटकाकडून सांध्याची आणि मणक्याची पाव-अर्धा किलो हाडं आणा. ती मटणापेक्षा पुष्कळ स्वस्त मिळतात.

हरभऱ्याची डाळ एक मोठी वाटी, म्हणजे २०० ग्रॅम, तासभर भिजवा. कूकरमध्ये डाळ, सहा-सात हाडं, हळद, आलं-लसणाचं वाटण एक चमचा आणि चार वाट्या पाणी घाला. पाच-सहा शिट्ट्या करा. कच्ची हाडं असतील तर ती आधी एकटी पाच-सहा शिट्ट्या शिजवून घ्या आणि मग डाळ घाला. डाळ मऊ झाली की पळीनं थोडी घोटा, पूर्ण पीठ करू नका.

दुसऱ्या पातेल्यात दोन पळ्या तेल, जिरं, कढीपत्ता आणि दोन उभे चिरलेले कांदे लाल होईपर्यंत परता. घरचा कांदा-लसूण मसाला दीड चमचा घाला. उरलेला रस्सा तिखट असेल तर मसाला निम्माच घ्या. अर्धा किलो दुधी मोठ्या फोडी करून त्यात टाका आणि झाकण ठेवून शिजवा. कूकरमध्ये दुधी घालू नका, त्याचा लगदा होतो. दुधी शिजला की हाडं-डाळ ओता, उरलेला रस्सा ओता, मीठ बघा. लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ अगदी शेवटी घाला. आंबट आधी पडलं की डाळ शिजायला हटून बसते. पाच मिनिटं उकळा, कोथिंबीर टाका. ज्वारीच्या भाकरीबरोबर खा, भाताबरोबर खा.

बघा, त्या २०० ग्रॅम डाळीतून ४० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं घरात आली. हाडं होती तेवढीच, पण जेवण झालं सहा माणसांचं.

दुसरं, आजारी माणसासाठी आणि बाळंतिणीसाठी. हाडाचं आळणी पाणी गाळून घ्या. चार वाट्या पाण्याला अर्धी वाटी ज्वारीच्या कण्या आणि मूठभर मुगाची डाळ, दोन्ही धुऊन घाला. मंद आचेवर मऊ शिजवा. वरून तुपाची धार आणि लिंबू. हाडाला चिकटलेलं मांस सोडवून त्यातच टाका. लहान मुलांना वाढताना हाडाची कपची राहिली नाही ना, हे बोटांनी चाचपून बघा.

लिंबू शोभेसाठी सांगत नाही. डाळीतलं आणि पालेभाजीतलं लोह अंगाला लागायला लिंबाची मदत होते, मांसाच्या चार तुकड्यांचीही होते. आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर तेच लोह वाया जातं. चहा तास-दीड तासानं घ्या. आपल्या देशात २०१९-२१ च्या सरकारी पाहणीत १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांत ५७ जणींचं रक्त कमी निघालं. म्हणजे आत्ता ऐकणाऱ्या आपल्यापैकी निम्म्याहून जास्त. रक्त कमी असेल तर गोळ्या घ्यायच्याच. दालचा गोळ्यांच्या जोडीला, गोळ्यांच्या जागी नाही.

अजून एक. रात्री उरलेला रस्सा चुलीवर तसाच झाकून ठेवू नका, उन्हाळ्यात तर नाहीच. वास आला नाही म्हणजे चांगलाच आहे, असं नसतं. दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा, दोन दिवसांत संपवा आणि खाताना खळखळून उकळा. फ्रीज नसेल तर त्या रात्रीच डाळ घालून संपवा, नाहीतर शेजारणीला वाटीभर द्या.

आमच्या जावेचं पुढं काय झालं? गोळ्या सुरू झाल्या, ताटात डाळ आली, पालेभाजी आली. नळ्या सासूबाईच आणत राहिल्या, पण पाण्यात आता डाळ आणि कण्या पडायला लागल्या. काही महिन्यांनी रक्त अकराच्या वर गेलं. त्याहून मोठी गोष्ट सांगू? या जत्रेला सासूबाईंनी मटण वाढायला घेण्याआधी तीन वाट्या बाजूला काढून झाकून ठेवल्या. मी विचारलं, "या कुणाच्या?" म्हणाल्या, "आपल्या तिघींच्या."

तर मैत्रिणींनो, हाडं उरली तर दालचा करा. पण येत्या रविवारी वाढायला बसण्याआधी आपली वाटी भरून बाजूला ठेवा. मग खुशाल म्हणा, मला रस्सा आवडतो.

येते मी. काळजी घ्या, आणि जेवताना सगळ्या एकत्र बसा.