चिमणी ठेवली, धोटा कुठाय?

(कुडाळ येथील युवक मेळाव्यात केलेले भाषण)



या कुडाळ तालुक्यात मुंबईची मनीऑर्डर न आलेली वाडी शोधून दाखवा. वेंगुर्ल्याहून आगबोट सुटायची तेव्हापासून आपली माणसं गिरणीत जात होती. मराठ्याचा पोर गेला, भंडाऱ्याचा गेला, आपलाही गेला. पण सगळ्यांची मनीऑर्डर सारखी नव्हती. आज तेच बोलायचंय.

माझा बाप जिथं राबला त्या गिरणीच्या जागी आता टॉवर आहे. परवा मी तिथं गेलो तर वॉचमन म्हणतो, कुणाकडे जायचंय? काय सांगू त्याला? रिंगखात्यात जायचंय म्हणू? लोअर परळला फिनिक्स मिलचा मॉल झाला, पण चिमणी ठेवली. लोक तिच्याखाली फोटो काढतात. याला म्हणे वारसा! काळाचौकीला इंडिया युनायटेड मिल २-३ च्या आवारात महापालिकेनं वस्त्रोद्योग संग्रहालय आखलंय. चांगलंय. मला एकच विचारायचंय: काचेच्या पेटीत धोटा ठेवाल, तेव्हा त्याला हात लावायची बंदी कुणाला होती, ते खाली लिहाल का?

माझा आजा सांगायचा, "आमका साचेखात्यात घेयत नाय होते. धागो तोंडान ओढूक लागता, उष्टो जाता ना!" धोट्यातली कांडी संपली की नवी घालायची आणि भोकातून धागा तोंडानं खेचायचा. ज्या धोट्याला महाराचं तोंड लागलं त्याला सवर्ण विणकर तोंड कसा लावणार? पगार जास्त तो विणकामात. म्हणून आपल्याला रिंग, थ्रॉसल, झाडू. कापसाची धूळ छातीत भरायला मात्र विटाळ नव्हता. कारखाना आला की जात जाते म्हणतात. इथं वाफेच्या इंजिनावर जात चालली!

१९२८ चा मोठा संप झाला. लाल बावटा पुढे होता. विणकामात अस्पृश्यांना घ्या, ही मागणी संपाच्या मागण्यांत घाला, असा आग्रह बाबासाहेबांना धरावा लागला. मालकाविरुद्ध एक होऊ म्हणणाऱ्यांना हे आपणहून सुचलं नाही. मी लाल बावट्याचा दुस्वास करत नाही. १९३८ च्या ७ नोव्हेंबरला काळ्या कायद्याविरुद्ध संप झाला तेव्हा बाबासाहेब आणि कम्युनिस्ट एकत्रच होते. पण झालं ते झालं म्हणून सांगतो.

१८ जानेवारी १९८२. डॉ. दत्ता सामंतांचा संप. अडीच लाख कामगार बाहेर. आमच्या घरात आईनं आधी भांडी विकली, मग कुडी. बाप गावी आला तो परत गेलाच नाही. संप कधी मागे घेतला म्हणून कुणी सांगितलं नाही. गिरण्या मेल्या, जमीन जिवंत राहिली. १९९१ च्या नियमात जमिनीचे तीन वाटे होते: एक महापालिकेला, एक म्हाडाला, एक मालकाला. २००१ मध्ये त्यात पाचर मारली. वाटणी फक्त मोकळ्या जागेची, शेडखालच्या जमिनीची नाही. २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानं शिक्का मारला. आता मला सांगा, गिरणीत मोकळी जागा असते किती? सगळी तर शेडच!

घरांसाठी जवळजवळ दीड लाख अर्ज आले. २०१२ च्या पहिल्या सोडतीत घरं किती? ६,९२५. आणि २०२४ पासून सांगतात, वांगणीला, शेलूला जा. परळच्या जमिनीचा मोबदला कर्जतच्या वाटेवर! बापानंतर आईनं अर्ज भरला. पावती ट्रंकेत आहे, बापाच्या तिकिटाला टाचणीनं लावलेली. बीडीडीत राहिलेल्यांच्या नावाला निदान मुंबईचा पत्ता होता. गावी परतलेल्याकडे कागदच नाही, तर वारस म्हणून उभं राहायचं कशावर?

म्हणून दारात टेबलावर वही ठेवलीय. जाताना आज्याचं, बापाचं, मिलमध्ये असेल तर आजीचंही नाव लिहा. गिरणी लिहा, साल लिहा, घरात जुना कागद असेल तो सांगा. आणि खातं लिहायला विसरू नका.