आजारपण आणि शिधापत्रिका

कोकणी माणसाचे घर कर्जात जाण्याच्या वाटा पूर्वापार तीन : लग्न, कोर्टकचेरी आणि आजारपण. पहिल्या दोहोंत माणसाची थोडीफार हौस तरी असते. आजारपणात हौस कसली? रात्री छातीत कळ येते, पहाटे गाडी ठरते, आणि दुपारपर्यंत बायकोच्या गळ्यातले पतपेढीत जाऊन पडते. पुढे माणूस बरा होऊन येतो. घर मात्र लवकर बरे होत नाही. ही तिसरी वाट अडवण्याची एक सोय सरकारने करून ठेवली आहे. तिचे नाव महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना. नाव आपण सर्वांनी ऐकले आहे. ती वापरायची कशी, हे मात्र पुष्कळांना वेळ निघून गेल्यावर कळते. म्हणून आजचे हे बोलणे.

ही सोय एका रात्रीत उभी राहिलेली नाही. १९९७ साली राज्यात जीवनदायी योजना आली. ती मोजक्या मोठ्या आजारांपुरती होती. २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये ती सर्व जिल्ह्यांत, अर्थात आपल्या सिंधुदुर्गातही पोचली. त्या वेळी पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेच्या कुटुंबाला वर्षाकाठी दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळत. २०१७ साली योजनेला महात्मा फुल्यांचे नाव दिले गेले. २०२० च्या एप्रिलपासून केंद्राची आयुष्मान भारत योजना आणि ही योजना एकत्र चालू लागल्या. जुलै २०२३ मध्ये शासनाने ठरवले, की मर्यादा पाच लाखांची करावी आणि पिवळी, केशरी, पांढरी असा भेद न ठेवता सर्व शिधापत्रिकाधारकांना व अधिवासाचा दाखला असणाऱ्यांना तीत घ्यावे. त्याचा अंमल २०२४ च्या जुलैपासून सुरू झाला.

आता पाच लाख म्हणजे काय, ते नीट समजून घेऊ. हे पैसे कोणाच्या हातात पडत नाहीत. एका कुटुंबाला एका वर्षात, एकाच माणसाला लागोत की चौघांना मिळून, पाच लाखांपर्यंतचे उपचार योजनेतल्या रुग्णालयात मिळतात आणि बिल परस्पर चुकते होते. खाट, डॉक्टरांची फी, भूल, शस्त्रक्रिया, औषधे, तपासण्या, रोग्याचे जेवण हे सारे त्यात धरलेले आहे. घरी परतायचे एस्. टी. चे भाडेसुद्धा त्यात आहे. घरी सोडल्यावर दहा दिवसांपर्यंतची फेरतपासणी आणि औषधेही आहेत. आजार जुना आहे म्हणून नकार मिळत नाही. २०२३ च्या निर्णयात १,३५६ उपचारांची यादी होती : हृदयाच्या शस्त्रक्रिया, कर्करोग, डायलिसिस, भाजणे, अपघातातील मोडतोड वगैरे. मूत्रपिंड बदलण्यासाठी साडेचार लाखांपर्यंतची तरतूद होती.

काय मिळत नाही, तेही सांगितले पाहिजे. साधा ताप, खोकला, बाहेरच्या बाहेर दाखवून घेतलेली गोळी यांसाठी ही योजना नाही. त्यासाठी आपले प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सरकारी दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरपासून उपचारांपर्यंत सारे मोफत करण्यात आले. भातकापणीच्या दिवसांत अंग मोडून ताप आला तर तो लेप्टोचा असू शकतो. तेव्हा योजनेचा विचार करीत घरी बसू नका. आधी आरोग्य केंद्र गाठा.

खरी ठेच लागते ती क्रमात. आपला नेहमीचा क्रम असा : आधी जवळच्या खाजगी रुग्णालयात दाखल व्हायचे, मागतील तेवढी अनामत भरायची, आणि तिसऱ्या दिवशी कोणीतरी सुचवतो, ‘अरे, तां फुले योजनेत बसता मरे!’ मग धावाधाव. पण ही योजना भरलेले पैसे परत देणारी नाही. पैसे भरूच नयेत म्हणून ती आहे. रुग्णालय योजनेत नसेल, किंवा योजनेत असूनही त्या आजारासाठी नसेल, तर मागाहून काही करता येत नाही. म्हणून क्रम उलटा करा. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात एक कक्ष असतो आणि तिथे ‘आरोग्यमित्र’ म्हणून माणूस नेमलेला असतो. प्रथम त्याला गाठा. हे रुग्णालय योजनेत आहे काय, आणि आमचा हा उपचार इथे होतो काय, असे दोन्ही प्रश्न विचारा. काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखलेले आहेत, म्हणून दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा. त्यानंतर डॉक्टर कागद पाठवतात, वरून मंजुरी येते आणि उपचार सुरू होतात. आणीबाणी असेल तर दूरध्वनीवरून तात्पुरती मंजुरी मिळते आणि कागद ठरलेल्या मुदतीत मागाहून दिले तरी चालतात. पैसे मागितले गेले तर पावती मागा, आरोग्यमित्राला सांगा, आणि १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या क्रमांकावर कळवा. या फोनला पैसे पडत नाहीत.

दुसरी ठेच कागदांची, आणि ती खास आपल्या मुलखातली. आपले अर्धे घर मुंबईत. चाकरमान्याने तिकडे शिधापत्रिका केली, म्हणून गावच्या कार्डावरचे नाव कमी झाले. पुढे गिरणी बंद पडली, किंवा नोकरी संपली. माणूस गावी आला. नाव कुठेच नाही. सूनबाई लग्न होऊन आली. तिचे नाव माहेरच्या कार्डावरच राहिले. आधारवर आडनाव एक, कार्डावर दुसरे. म्हाताऱ्याचे नाव एकीकडे ‘बाबी’ आणि दुसरीकडे ‘बाबाजी’. बाजारात याने कोणाचे बिघडत नाही. रुग्णालयाच्या खिडकीपाशी मात्र एका अक्षरावरून माणूस अडतो, आणि तो अडतो ते घरचे माणूस आत खाटेवर पडलेले असताना. दुरुस्तीचे काम तहसील कचेरीत होते, त्याला दिवस लागतात, आणि दुखणे काही दिवस देत नाही. म्हणून हे काम अंगात ताकद असताना, सणासुदीला सगळे गावी जमले असताना करावे. गणपतीला चाकरमानी येतात. आरतीनंतर एक दिवस शिधापत्रिका आणि सगळ्यांची आधार कार्डे ओटीवर मांडून नावे ताडून पाहावीत. ज्यांचे आयुष्मान कार्ड झालेले नाही त्यांनी आशाताईंना किंवा सेवा केंद्रात विचारून ते करून घ्यावे. घरात सत्तरी उलटलेली माणसे असतील, तर त्यांच्यासाठी ऑक्टोबर २०२४ पासून केंद्राने उत्पन्नाची अट न ठेवता वेगळी सोय केली आहे. त्यांचे कार्ड आधी करावे.

तिसरी गोष्ट बांबोळीची. मोठे दुखणे म्हटले की आपल्याकडची गाडी आपसूक गोव्याच्या रस्त्याला लागते. गोवा वैद्यकीय महाविद्यालयाने सिंधुदुर्गातल्या कित्येक माणसांचे प्राण वाचवले, हे कोणी नाकारणार नाही. परंतु १ जानेवारी २०१८ पासून तिथे गोव्याबाहेरच्या रोग्यांना शुल्क लागू झाले. गोव्याची स्वतःची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे, पण ती तिथे निदान पाच वर्षे राहणाऱ्यांसाठी. म्हापशाच्या मावशीचा पत्ता देऊन ती मिळत नाही. अपघातात जे रुग्णालय जवळ ते आपले. तिथे विचार करीत बसू नये. पण ठरवून करायची शस्त्रक्रिया असेल, तर निघण्यापूर्वी वरच्या क्रमांकावर विचारून घ्या. ओरोसला २०२१ पासून आपले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. मालवणहून कट्टा, कसाल करीत तिथे जाता येते. प्रथम तिथे चौकशी करावी, आणि पुढे कोल्हापूर की आणखी कुठे, ते तिथल्या सल्ल्याने ठरवावे.

शिक्षक बंधुभगिनींना माझी एक विनंती आहे. गावात अर्ज वाचणारा, आणि वाचून दाखवल्यावर ज्याच्यावर विश्वास बसतो असा माणूस म्हणजे अजूनही गुरुजी आणि बाईच. एका पालकसभेत अर्धा तास यासाठी काढा. पालकांना शिधापत्रिका घेऊन यायला सांगा. कोणाचे नाव नाही, कोणाचे चुकले आहे, याची यादी करून ग्रामपंचायतीत द्या. शाळेच्या भिंतीवर दोन्ही क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहा. सातवीतला मुलगा घरी जाऊन आजीच्या आधार कार्डावरचे नाव वाचू लागला, की अर्धे काम झाले.

शेवटी एक मनातली गोष्ट. आपला माणूस मानी. ‘सरकारच्या दारात आमका कोण विचारतलो?’ असे म्हणून तो परत फिरतो, किंवा फुकटाचे नको म्हणून सोने गहाण टाकतो. मंडळी, हे फुकटाचे नाही. देवबागच्या किंवा तळाशीलच्या किनाऱ्यावर रापण ओढताना तुम्ही पाहिली असेल. ते जाळे एकट्याने निघत नाही. पुष्कळ हात दोरीला लागतात, आणि म्हणूनच प्रत्येकाचा वाटा ठरतो. ही योजना आपल्या करांतून चालते, आणि काडेपेटीपासून होडीच्या इंजिनापर्यंत आपण जे विकत घेतो त्यावर कर भरतो. आपला हात दोरीला लागलेला आहे. तेव्हा वाटा मागताना मान खाली घालण्याचे कारण नाही. ज्यांचे नाव योजनेला आहे त्या महात्मा फुल्यांनी माणसाला हेच शिकवले, की आपला हक्क समजून घ्यावा आणि तो ताठ मानेने मागावा.

तेव्हा उद्या सकाळी कपाटातली शिधापत्रिका काढा, आणि तिच्यावरची नावे एकदा मोठ्याने वाचा. घरातले कोणी राहिले असेल, तर तहसील कचेरीची वाट धरा.