समुद्रकिनारी फ्लॅट बुक केलाय? आधी तिथी बघा

आजचा विषय तुमच्यापैकी अनेकांनी मेसेज करून मागितलेला. लाँग वीकेंडला कोकणात समुद्राजवळ एखादा फ्लॅट किंवा होमस्टे बुक केला, तर दोन दिवस करायचं काय?

इंटरनेटवर याच्या याद्या ढिगाने आहेत. मी पण एक बनवली होती. सॉफ्टवेअरवाला माणूस, त्यामुळे एक्सेल शीट, तासातासाचा प्लॅन, वेगवेगळे रंग. गेल्या वर्षी जानेवारीत आम्ही चौघं मित्र शहाडहून रात्री गाडीने निघालो आणि उजाडता उजाडता दापोलीजवळच्या मुरुडला पोचलो. माझ्या शीटमध्ये सगळं होतं. फक्त समुद्र नव्हता.

म्हणजे झालं काय, सकाळी साडेसहाला किनारा असा लांबलचक, सपाट, घट्ट वाळूचा. मित्राने गाडी सरळ वाळूवर घातली. रील काढले, फोटो काढले. मग गाडी तिथेच ठेवून फ्लॅटवर गेलो, पोहे खाल्ले आणि जरा आडवे झालो. साडेदहाला खाली आलो तर पाणी टायरला लागलेलं. मित्र धावत जाऊन आत बसला आणि गाडी सुरू करायला लागला. चाकं जागच्या जागी फिरत आणखी रुतली. दोन लाटा आल्या आणि दार उघडेना. पाणी जेमतेम गुडघाभर, पण तो आत अडकलेला आणि आम्ही तिघं बाहेरून दार ओढतोय. ते दोन मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही.

गावातल्या एका काकांनी ट्रॅक्टर आणून गाडी ओढली. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "पोरांनो, आज पुनव आहे. पाणी कुठवर येतं ते गावात कुणालाही विचारायचं होतं." मग वरच्या कोरड्या वाळूकडे बोट दाखवून म्हणाले, "आणि गाडी त्या बाजूला तर अजिबात नको. कासवांचे दिवस आहेत."

गाडीचा खर्च झाला तो झाला. पण त्या दिवशी माझी शीट मी डिलीट केली आणि एक गोष्ट शिकलो, तीच आज सांगतोय: कोकणात काय बघायचं हे यादी ठरवते, पण कधी बघायचं हे भरती-ओहोटी ठरवते.

युरोपातल्या लोकांचे व्हिडिओ बघून आपली इथे फसगत होते. स्पेनच्या भूमध्य समुद्रावरच्या फ्लॅटमध्ये कुणी राहिलं, तर सकाळी आणि संध्याकाळी किनारा साधारण तेवढाच दिसतो, कारण त्या समुद्राला भरती-ओहोटी जेमतेम काही सेंटिमीटरची. आपल्याकडे तसं नाही. पावसाळ्यात बातमी येते ना, "मुंबईत साडेचार मीटरच्या लाटा उसळणार"? ती लाटेची उंची नसते, भरतीच्या पाण्याची पातळी असते. म्हणजे आपल्याकडे पाणी मीटरमध्ये चढतं आणि उतरतं.

आता फॉर्म्युला. आपल्या किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या वापरला जातोय आणि एका ओळीच्या कोडात बसतो. तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा. साधारण त्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन. दुपारी तीनच्या आसपास भरती आणि पहाटेही तीनच्या आसपास. अष्टमीला सहा. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट, सव्वाअकरा. भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. हे चालतं कारण चंद्रामुळे भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. अंदाज मुंबईच्या बाजूचा आहे, दक्षिणेकडे भरती थोडी आधी येते. म्हणून अचूक वेळ मोबाईलवर बघा आणि गावातल्या माणसाला विचारा. पण फ्लॅट बुक करतानाच पहिला अंदाज हवा असेल, तर घरातलं कालनिर्णय पुरे.

आणखी दोन शब्द लक्षात ठेवा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं, ते उधाण. अष्टमीच्या आसपास फरक कमी, तो भांग.

आता याच हिशेबाने मुरुडचे दोन दिवस लावून बघू. समजा पौर्णिमेचा वीकेंड आहे.

सकाळी लवकर ओहोटी. म्हणजे किनारा चालायला मोकळा. मुरुडहून कर्देच्या बाजूला चालत जा. शंख, खेकडे, पक्षी, सगळं याच वेळी दिसतं. गाडी मात्र रस्त्यावरच ठेवा!

दहा ते एक भरती. तेव्हा किनारा सोडा आणि झाडीत शिरा. दापोली-मुरुडच्या वाटेवर आसूदला केशवराजाचं देऊळ आहे. सुपारीच्या वाडीतून उतरायचं, ओढ्यावरचा पूल ओलांडायचा आणि पायऱ्या चढायच्या. भर दुपारी तिथे गारवा असतो. किंवा मुरुड गावातच दुर्गादेवीच्या देवळातले जुने कोरीव लाकडी खांब बघा. महर्षी कर्वे याच गावात वाढले. १९५८ साली, वयाची शंभरी गाठली तेव्हा त्यांना भारतरत्न मिळालं.

दुपारी दोन ते चार, म्हणजे जेवून लोक पाण्यात उतरतात ती वेळ. पौर्णिमेला नेमकी तेव्हाच जोराची ओहोटी असते आणि पाणी बाहेर ओढतं. तेव्हा पाण्यात जाऊ नका. पोहायला येत असलं तरी नाही. झोपा काढा, त्यासाठीच फ्लॅट घेतलाय.

संध्याकाळी हर्णै बंदर. मोठ्या बोटी आत उभ्या राहतात, मासळी लहान होड्यांतून किनाऱ्यावर येते आणि वाळूवरच लिलाव सुरू होतो. लिलाव टोपल्यांचा, घाऊक. आपण मध्ये घुसायचं नाही, बाजूला उभं राहून बघायचं. मग शेजारी बसलेल्या मावशींकडून बांगडे किंवा कोळंबी घ्यायची आणि फ्लॅटच्या किचनमध्ये शिजवायची. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा हा कार्यक्रम नाही.

दुसऱ्या दिवशी हर्णैहून होडीने सुवर्णदुर्ग. कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचा हा किल्ला, २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या १२ किल्ल्यांपैकी एक. होडी कधी सुटणार हे होडीवाले ठरवतात, तिथे घासाघीस करू नका. पाणी योग्य नसेल तर आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीला जा आणि वरूनच किल्ला बघा.

आणि कासवं. ऑलिव्ह रिडले माद्या हिवाळ्यात रात्री किनाऱ्यावर येतात आणि भरतीची रेषा संपते त्याच्या वर, कोरड्या वाळूत अंडी घालतात. ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं निघतात. आंजर्ले आणि वेळासला गावकरी आणि वनखातं घरटी राखतात. वेळासला हे काम सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये सुरू केलं. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये गेलात तर पिल्लं पाण्याकडे जाताना बघायला मिळू शकतात. फ्लॅश नको, हात लावायचा नाही. आमची गाडी कुठे होती आणि काकांनी बोट कुठे दाखवलं होतं, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल.

आमच्या शहाडला पाहुणे आले की आम्ही त्यांना बिर्ला मंदिर दाखवतो, ते खूश होऊन जातात. पण शहाड कळायला कारखान्याची शिफ्ट आणि कसारा लोकलची वेळ कळावी लागते. समुद्राकाठच्या गावाचंही तसंच आहे. त्या गावाची शिफ्ट चंद्र लावतो.

तर मंडळी, या वेळचा गृहपाठ. पुढच्या सुट्टीची तारीख घ्या, तिथी बघा, पाऊणपट करा. उत्तर चुकलं तरी चालेल, फक्त गाडी वाळूवर नेऊ नका. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!