जुन्या लॅपटॉपचा बिघाड : आधी निदान, मग उपचार
(शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



लॅपटॉप ही वस्तू आता केवळ शहरातील मोठ्या कचेऱ्यांपुरती राहिलेली नाही. विद्यार्थ्यांचे निकाल, शाळेचा पत्रव्यवहार, ग्रामसभेचे ठराव, घरपट्टीच्या याद्या असे कितीतरी मोलाचे दप्तर आज त्यात साठविलेले असते. नवा लॅपटॉप घेण्याची ऐपत प्रत्येक शाळेची वा प्रत्येक कुटुंबाची नसते. म्हणून कुणी देणगीदाखल दिलेला किंवा बाजारात स्वस्तात मिळालेला वापरलेला लॅपटॉप कामाला लावला जातो. यात गैर असे काहीच नाही. तथापि काही महिन्यांत हे यंत्र अडखळू लागते. कधी ते सुरू होण्यास पाव तास घेते, कधी मध्येच थिजते, तर कधी निळा पडदा दाखवून बंद पडते. मग ते दुरुस्तीच्या दुकानात जाते आणि 'फॉरमॅट मारून द्या' एवढेच सांगितले जाते. यंत्र सुरू होऊन परत येते खरे. परंतु त्यातील दप्तर नाहीसे झालेले असते, आणि पुष्कळदा महिन्याभरात मूळ दुखणेही पुन्हा डोके वर काढते.

असे का व्हावे? ऑपरेटिंग सिस्टीम, अर्थात कार्यप्रणाली, ही यंत्राचे सर्व भाग आणि आपले काम यांच्यामधील व्यवस्थापक होय. खालचा कोणताही भाग नादुरुस्त झाला तरी तक्रार या व्यवस्थापकाच्याच तोंडून ऐकू येते. साहजिकच दोष त्याच्या माथी मारला जातो व त्यालाच बदलले जाते. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशातलाच हा प्रकार. यास्तव उपचारापूर्वी निदान, आणि निदानाच्याही आधी दप्तराची सुरक्षितता, हा क्रम कटाक्षाने पाळला पाहिजे.

पहिले काम : दप्तर वाचविणे

यंत्र कसेबसे सुरू होत असेल तोवरच महत्त्वाच्या फाइली दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात. हार्ड डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल, तर तिच्यावर दुरुस्तीचे कोणतेही प्रयोग करू नयेत. खिळखिळी झालेली डिस्क अशा श्रमाने कायमची बंद पडू शकते.

मराठी दप्तराच्या बाबतीत आणखी एक दक्षता आवश्यक आहे. युनिकोड सर्वत्र रूढ होण्यापूर्वी टंकलिखित केलेले बरेचसे मराठी लेखन विशिष्ट फाँटांवर अवलंबून आहे. कार्यप्रणाली नव्याने टाकली आणि तो फाँट राहून गेला, तर फाइल उघडते, पण अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हे दिसतात. म्हणून फाइलींबरोबर ते फाँटही जतन करावेत आणि सवडीने हा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा.

निदानाचा क्रम

आरंभ सोप्या गोष्टींपासून करावा. प्रथम यंत्रातील तारीख पाहावी. बहुतेक जुन्या लॅपटॉपमध्ये घड्याळासाठी नाण्याच्या आकाराची एक लहान बॅटरी असते. ती संपली की तारीख अनेक वर्षे मागे जाते. संकेतस्थळांची सुरक्षा-प्रमाणपत्रे ठराविक मुदतीचीच असल्याने अशा वेळी ती उघडेनाशी होतात व इंटरनेटच बिघडले असा समज होतो. थोड्या खर्चाची ही बॅटरी बदलली की काम भागते.

दुसरी गोष्ट उष्णतेची. पंख्यात धूळ साचली की प्रोसेसर तापतो, आणि स्वतःच्या रक्षणासाठी तो वेग कमी करतो किंवा यंत्र बंद करतो. सकाळी नीट चालणारा आणि अर्ध्या तासाने थिजणारा लॅपटॉप बहुधा साफसफाई मागत असतो. मात्र टचपॅड वा कळफलक वर उचलला गेल्यासारखा दिसल्यास मुख्य बॅटरी फुगली असण्याची शक्यता असते. असे यंत्र चार्जिंगला न लावता ताबडतोब जाणकाराकडे सोपवावे. यात आगीचा धोका असतो.

तिसरी गोष्ट जागेची. विंडोज असलेला 'सी' ड्राइव्ह काठोकाठ भरला असेल, तर अद्ययावतीकरण अर्धवट राहते आणि यंत्र रखडते. त्यानंतर 'सेफ मोड'मध्ये यंत्र सुरू करून पाहावे. या पद्धतीत केवळ अत्यावश्यक घटकच सुरू होतात. एरव्ही अडणारे यंत्र येथे सुरळीत चालले, तर नंतर टाकलेला एखादा प्रोग्रॅम, ड्रायव्हर अथवा व्हायरस यांच्याकडे संशयाची सुई वळते.

एवढ्यानेही उलगडा न झाल्यास पेन ड्राइव्हची कसोटी घ्यावी. उबुंटू, लिनक्स मिंट यांसारख्या लिनक्स प्रणाली रिकाम्या पेन ड्राइव्हवर विनामूल्य उतरविता येतात आणि मूळ डिस्कला हात न लावता तेथूनच चालविता येतात. त्यावर लॅपटॉप तासभर सुरळीत चालला, तर दोष डिस्कमध्ये किंवा तिच्यावरील प्रणालीत आहे असे समजावे. डिस्कच्या प्रकृतीचा अहवाल ती स्वतःच देते. तो पाहून दोहोंपैकी नेमके काय ते ठरविता येते. पेन ड्राइव्हवरही यंत्र थिजले, तर रॅम, उष्णता अथवा मुख्य पट्टी यांची तपासणी हवी. अशा वेळी नुसती प्रणाली बदलून काहीही साधणार नाही.

झेपेल तीच प्रणाली

यंत्र निर्दोष ठरल्यावरच कार्यप्रणालीचा विचार करावा. विंडोज ७ चे साहाय्य १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. या तारखांनंतरही यंत्रे चालतात. परंतु सुरक्षेची नित्याची डागडुजी थांबलेली असते. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण आणि टीपीएम २.० हा सुरक्षा घटक लागतो. शिवाय प्रोसेसरही मान्य यादीतील असावा लागतो. दहा वर्षांपूर्वीचे बहुतेक लॅपटॉप या कसोटीस उतरत नाहीत. त्यांच्यासाठी हलकी लिनक्स प्रणाली हा उत्तम पर्याय होय. सी-डॅक या भारत सरकारच्या संस्थेची 'बॉस' ही प्रणालीही लिनक्सवरच आधारलेली आहे. केरळातील सरकारी शाळांत तर लिनक्सवर आधारित मुक्त प्रणालीवर अनेक वर्षे शिक्षण दिले जात आहे. मात्र छपाईयंत्र आणि डिजिटल स्वाक्षरीचे टोकन नव्या प्रणालीवर चालते की नाही, याची खात्री आधीच करून घ्यावी. शक्य असल्यास फिरत्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसवावी. जुन्या यंत्राच्या वेगात पडणारा फरक कुणाच्याही सहज लक्षात येईल.

खरेदीच्या वेळची दक्षता

यातील बरेच त्रास खरेदीच्या वेळीच टाळता येतात. आधीच्या मालकाचा बायोस पासवर्ड काढलेला आहे ना, त्याचे खाते यंत्रावर राहिलेले नाही ना, हे दुकानातच पाहावे. बिटलॉकरने कुलूपबंद झालेल्या डिस्कची ४८ अंकी किल्ली नसेल, तर तीतील माहिती परत मिळत नाही. दुरुस्तीवाला फुकट टाकून देतो ती विंडोजची अनधिकृत प्रतही टाळावी. अशा प्रतीबरोबर आणखी काय आत शिरले, हे वापरणाऱ्याला कळत नाही, आणि त्याच यंत्रावर विद्यार्थ्यांची व गावकऱ्यांची खासगी माहिती ठेवायची असते.

काही यंत्रे अखेर दुरुस्तीपलीकडे जातात. ती डेडस्टॉक रजिस्टरमधून रीतसर निर्लेखित करावीत, डिस्कवरील माहिती पूर्णपणे पुसावी आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच ती पोचतील असे पाहावे. परंतु कपाटात धूळ खात पडलेल्या प्रत्येक लॅपटॉपची ही वेळ आलेली असतेच असे नाही. कित्येकांना हवी असते ती एक लहान बॅटरी, पंख्याची सफाई किंवा नवी डिस्क. निकामी ठरविण्यापूर्वी एक दिवस अशा तपासणीसाठी दिला, तर गावातील मुलांना आणखी काही वर्षे संगणक वापरता येईल, आणि गावाचे दप्तरही सुरक्षित राहील.