गळ टाकण्याआधी
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसबाईंनी मला ‘अमेरिकेतील माझा मुक्काम’ या विषयावर चार शब्द बोलायला सांगितले आहेत. पण तिकडचे रस्ते, दुकाने आणि थंडी यांची वर्णने आपण पुष्कळ ऐकली आहेत. आपल्यापैकी कितीतरी जणींची मुले तिकडेच आहेत. तेव्हा आज मी एकाच गोष्टीबद्दल बोलणार आहे. हौसेने मासे धरायला जाणाऱ्या लहान होडीत काय काय असावे लागते, ही ती गोष्ट. हा काही बायकांचा विषय नव्हे, असे तुम्हाला वाटेल. मलाही मे महिन्यातल्या एका रविवारपर्यंत तसेच वाटत होते.

माझे माहेर दाभोळच्या खाडीकाठचे. आमच्याकडे होडी म्हटली की तांडेल, वल्ही, नांगर आणि पाणी उपसायला एक डबा, एवढेच. बाकी सारा भरवसा पोहण्यावर. माझे चिरंजीवही सुट्टीत आजोळी येऊन त्याच खाडीत पोहायला शिकले. आता ते न्यू जर्सीत बार्नेगट उपसागराजवळ राहतात आणि तिथे त्यांनी एक सतरा फुटी होडी घेतली आहे. मागे मोटार लावलेली. रविवारी पहाटे गळ आणि आमिष घेऊन निघायचे आणि ‘फ्लूक’ नावाचा चपटा मासा, म्हणजे आपल्या लेपीचा थोरला भाऊच म्हणा ना, घेऊन दुपारी परतायचे.

मी गेले त्याच आठवड्यात होडी तपासायला एक वयस्कर बाई आल्या. तिकडे तटरक्षक दलाला मदत करणारे स्वयंसेवक आहेत, ते फुकट तपासणी करून देतात. हातात कागद घेऊन बाईंनी एकेक वस्तू मागितली. माणशी एक लाइफ जॅकेट, ज्याच्या त्याच्या मापाचे. होडी सोळा फूट किंवा त्याहून लांब असली तर शिवाय पाण्यात फेकायची एक तरंगती गादी नाहीतर कडे. शिटी किंवा भोंगा. रात्रीसाठी डावीकडे लाल दिवा, उजवीकडे हिरवा आणि वर पांढरा. आमच्या होडीत पेट्रोलची टाकी कायमची बसवलेली, म्हणून आग विझवण्याचे नळकांडेही हवे. त्यावरचे साल त्यांनी चष्मा काढून वाचले, कारण २० एप्रिल २०२२ पासून असा नियम झाला आहे की एकदाच वापरायचे नळकांडे तयार झाल्यापासून बारा वर्षांनी बाद धरायचे. खुल्या समुद्रकिनाऱ्यावर जायचे तर धोक्याचा लाल उजेड पाडणाऱ्या कांड्याही लागतात, निदान तीन, आणि त्यांचीही मुदत संपलेली चालत नाही.

जॅकेटे होती, पण प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली. बाईंनी मान हलवली. जॅकेट चटकन हाताला लागले पाहिजे, गाठ सोडायला पाण्यात वेळ नसतो, असे म्हणून त्यांनी ती पिशवीतून काढायला लावली. चिरंजीवांनी ती काढून बाकाखाली ठेवली. नियमाला ते पुरे होते. मोठ्या माणसाने जॅकेट अंगात घातलेच पाहिजे असे तिथला कायदा म्हणत नाही. ते होडीत असले म्हणजे झाले. तेरा वर्षांखालच्या मुलांना मात्र होडी चालू असताना घालावेच लागते. त्यामुळे माझ्या आठ वर्षांच्या नातवाच्या अंगात ते होते. तो कुरकुरला तेव्हा, मी खरे सांगते, मी त्याचीच बाजू घेतली.

त्या रविवारी आम्ही चौघे निघालो. ऊन छान पडले होते. मोटार बंद करून गळ टाकले होते. मासा लागला म्हणून चिरंजीव जाळी घेऊन काठावरून वाकले, इतक्यात शेजारून एक मोठी बोट वेगाने गेली, तिच्या लाटेने आमची होडी कलली आणि ते पाण्यात गेले. मला क्षणभर हसूच आले. पोहणारा मुलगा, भिजेल आणि वर येईल! पण ते वर आले ते धापा टाकत. हाक मारता येईना, हात नीट चालेनात. वर ऊन असले तरी मे महिन्यात तिथले पाणी अजून थंडगार असते, हे कोणाच्या ध्यानातच नव्हते. सूनबाईंनी मागे हाताशी असलेली गादी फेकली. ती पहिल्यांदा दूर पडली, दुसरी काही फेकायला नव्हती. ती वाऱ्याने त्यांच्याकडे सरकली म्हणून निभावले. दुसऱ्या एका होडीतल्या माणसांनी येऊन त्यांना वर ओढले. चार-पाच मिनिटांचा खेळ. तेवढा वेळ सगळ्यांत सुरक्षित कोण होते, तर कुरकुरणारा माझा नातू.

थंड पाण्याचा हिशेब मी नंतर समजून घेतला. पहिले मिनिटभर श्वासच ताब्यात राहत नाही, तोंडात पाणी जाते ते तेव्हाच. त्यानंतर साधारण दहा मिनिटे हातपाय कामाचे राहतात, मग बोटे वळेनाशी होतात. शुद्ध हरपायला तासभर लागतो. म्हणजे माणूस गारठून जातो त्याच्या फार आधी बुडतो, आणि पोहता येत असूनही बुडतो. तिथल्या तटरक्षक दलाचे २०२३ सालचे आकडे आहेत. मौजेच्या होड्यांच्या अपघातांत ५६४ माणसे गेली. कारण कळले त्यांतली शेकडा ७५ बुडून गेली, आणि जॅकेटची नोंद असलेल्या त्या बुडालेल्यांत शेकडा ८७ जणांच्या अंगात ते नव्हते. त्यांतल्या कितीजणांचे बाकाखाली असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. पाण्यात पडल्यावर जॅकेट घालून पाहा म्हणजे कळेल. आमच्या नातवाने उथळ पाण्यात तो प्रयोग केला. त्यालाही साधले नाही.

आता त्या घरी नियम असा की धक्का सोडण्याआधी सगळ्यांचे पट्टे लागलेले हवेत. मोटार चालवणाऱ्याच्या अंगाला एक दोरी अडकवलेली असते. तो फेकला गेला तर दोरी सुटून मोटार बंद पडते. लहान होड्यांना वेगात जाताना ही दोरी लावणे १ एप्रिल २०२१ पासून सक्तीचे आहे. आणि सूनबाईंनी स्वयंपाकघरात एक कागद लावला आहे: कोण गेले, कुठे गेले, किती वाजता परतणार. ही वेळ टळली की त्या फोन उचलतात. हा कागद कोणत्याही नियमात नाही, पण मला तो सगळ्या सामानाहून मोलाचा वाटतो, कारण तो घरात बसलेल्या माणसाच्या हाती आहे.

आपल्याकडेही पाणी काही वेगळे नाही. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटली, दोघे गेले. आपल्या किनाऱ्यावर संकट आले तर तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४ आहे, तो लिहून घ्या. परत आल्यावर मी एका खाडीत पाहिले, जॅकेटे सर्वांना दिली होती, पण निम्म्यांचे पट्टे मोकळे, आणि एक गृहस्थ ते बुडाखाली घेऊन बसलेले. दाबून दाबून आतला फोम चपटा होतो, मग ते तरंगवणार कसे?

पुढच्या महिन्यात आपली सहल मुरूडला जाणार आहे. राजपुरीच्या धक्क्यावर जंजिऱ्याच्या होडीत बसण्याआधी मी प्रत्येकीचे जॅकेट खांद्याला धरून वर ओढून पाहणार आहे. ते हनुवटीच्या वर सरकले तर मापाचे नाही, दुसरे मागायचे. पदर आधी कमरेला खोचा, मग जॅकेट, मग सगळे पट्टे. नातवंडे आणणार असाल तर त्यांचे वजन चिटणीसबाईंना आधी कळवा. जॅकेटवर ते लिहिलेले असते, आणि लहान मापाची मिळाली नाहीत तर मुलांना घेऊन मी किनाऱ्यावरच थांबेन.