वस्तरा आणि मलम

(रामटेक येथील वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय आम्ही कळविला तेव्हा आपल्यांतील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी हसत हसत विचारले, "नाभिकांच्या मेळाव्यात केस घालविण्याच्या मलमावर बोलणार? ही तर आपलीच बिनपाण्याने हजामत झाली!" त्यांचा विनोद आम्ही मान्य केला, परंतु विषय बदलला नाही. त्याचे कारण घरगुती आहे आणि ते यथावकाश सांगूच.

ज्या रामटेकात आपण जमलो आहोत तेथे केस उतरविण्याच्या तीन रीती एकाच गावात पाहावयास मिळतात. अंबाळ्याच्या काठी उत्तरकार्यासाठी येणाऱ्या कुटुंबांतील पुरुषांचे क्षौर आपले बांधव वस्तऱ्याने करतात. शांतिनाथाच्या दिगंबर जैन मंदिरात मुनिमहाराजांचा मुक्काम असला म्हणजे ते काही महिन्यांच्या अंतराने डोक्याचे व दाढीमिशांचे केस स्वतःच्या हातांनी उपटतात. त्यांस वस्तराही नको आणि मलमही नको. तिसरी रीत बाजारातील दुकानांच्या फळीवर मांडलेली असते. नळीत भरलेले, पुरुषांसाठी म्हणून वेगळ्या वेष्टनात घातलेले हे मलम लावावे, पाच-दहा मिनिटे थांबावे आणि पुसून टाकावे, म्हणजे केस त्याबरोबर निघून येतात. आमच्या भगिनींस हा प्रकार नवा नाही. ॲन फ्रेंच या नावाचे मलम मागील पिढीतील पुष्कळ घरांतून ठाऊक होते. नवे इतकेच की, आता पुरुषही ते घेऊ लागले आहेत आणि त्यामुळे आपल्यांतील काही जुन्या मंडळींच्या मनात पाल चुकचुकू लागली आहे.

प्रथम हे सांगितले पाहिजे की, ही कल्पना परदेशातून काल आलेली नव्हे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात तिचा उल्लेख आहे. ज्या व्रणाभोवती दाट केस आहेत तो नीट भरून येत नाही. म्हणून तेथील केस वस्तऱ्याने, कात्रीने किंवा चिमट्याने काढावेत असे सांगून लगेच पुढे दोन भाग शंखचूर्ण आणि एक भाग हरताळ आंबवलेल्या द्रवात वाटून केलेला लेप सांगितला आहे. म्हणजे आपल्या धोकटीतील हत्यारे आणि हा लेप एकाच ठिकाणी शेजारीशेजारी बसले आहेत. त्यांच्यात वैर असावे असे त्या शल्यवैद्यास वाटले नाही. तुर्कस्तानातील स्नानगृहांतूनही हरताळ व चुना यांचा असाच लेप 'रुस्मा' या नावाने चालत असे. आपल्या भाषेत एखाद्या गोष्टीवर 'हरताळ फासणे' असे म्हणतात, ते पोथीतील चुकलेले अक्षर हरताळाने झाकून नाहीसे करीत असत त्यावरून. तोच पिवळा दगड अक्षरही घालवी आणि केसही घालवी! मात्र हरताळ म्हणजे गंधक आणि सोमल यांचा संयोग, अर्थात् विष होय. कोणी जुन्या नुस्ख्याच्या नादाने तो आज अंगास लावू नये.

आजच्या मलमांत हरताळ नसतो. त्यांतील मुख्य द्रव्य थायोग्लायकोलिक आम्लाचा क्षार असून त्याच्या जोडीस चुन्यासारखे तीव्र अल्कधर्मी द्रव्य असते. केस ज्या केरॅटिन नावाच्या पदार्थाचा बनलेला आहे, त्याचे धागे गंधकाच्या सांध्यांनी एकमेकांस जखडलेले असतात. हे औषध नेमके ते सांधे सोडविते, त्यामुळे केस लिबलिबीत होऊन तुटतो. केस कायमचे कुरळे करण्याच्या औषधातही थायोग्लायकोलिक आम्लच सौम्य रूपात असते. आपल्यांतील ज्यांनी नवी केशभूषा शिकली आहे, त्यांस त्याचा वास ओळखीचा असेल. मुळाशी मात्र हे औषध पोहोचत नाही. केस पुन्हा येतो; वस्तऱ्यापेक्षा काही दिवस उशिरा येतो इतकेच. वस्तरा फिरविल्याने केस राठ येतात ही समजूतही खोटी आहे. अमेरिकेत १९२८ साली मिल्ड्रेड ट्रॉटर या विदुषींनी मोजमाप करून ती खोटी ठरविली.

आता यातील मेख पाहा. ज्या केरॅटिनाचा केस बनलेला, त्याचीच आपल्या कातडीची वरची पापुद्र्यासारखी थरावळ बनलेली आहे. केस विरघळविणारे औषध कातडीला ओळखून सोडून देत नाही. केस पातळ आणि औषधाचा वेळ मोजका, म्हणूनच कातडी वाचते. दाढीचा केस जाड व चिवट, आणि गालाची कातडी हातापायांच्या मानाने नाजूक. जाड केसासाठी वेळ वाढविला की कातडी भाजलीच. यासाठीच पुरुषांकरिता विकल्या जाणाऱ्या मलमांच्या वेष्टनावरही सामान्यतः छाती, पाठ, हात, पाय एवढ्यांचाच निर्देश असतो आणि तोंडास व गुह्य भागास लावू नये अशी स्पष्ट सूचना असते. परंतु ती अक्षरे बारीक असतात.

येथे ती घरची गोष्ट आली. आमच्या पुतण्याने साखरपुड्याच्या आदल्या रात्री असे एक मलम गालांस लावले. पाच मिनिटांत केस निघेनात म्हणून आणखी दहा मिनिटे ठेवले. सकाळी दोन्ही गाल लालभडक होऊन ओठाच्या कडेला पाणी सुटले होते. साखरपुडा पार पडला, मुलगी सुज्ञ असल्यामुळे हसण्यावारी गेला. तो भाग सोडून देऊ. आम्हांस दुःख झाले ते निराळ्याच कारणाने. ज्या घरात तीन पिढ्या वस्तऱ्यावर जगल्या, त्या घरातील मुलगा, आणि काकाचे दुकान दोनशे पावलांवर! आम्ही त्यास विचारले, "अरे, आदल्या रात्री दुकानात का आला नाहीस? निदान विचारायचे तरी." तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "काका, नागपूरहून माझे कचेरीतले मित्र सोबत आले होते. दुकानात आलो असतो तर दुकान कोणाचे, हे त्यांना कळले असते."

मंडळी, त्याच्या गालांस लावावयास वैद्यांनी औषध दिले आणि आठ दिवसांत गाल बरे झाले. पण त्याच्या त्या वाक्याला कोणते औषध लावावे, हे आम्हांस त्या दिवशी सुचले नाही. आजचे व्याख्यान हा त्याच प्रश्नाचा विचार समजावा.

आपली जुनी मंडळी म्हणतात की, मलमामुळे धंदा बसेल. हेच भय आपल्या वाडवडिलांस एका पत्र्याच्या पात्याने घातले होते. अमेरिकेत किंग जिलेट यांनी १९०४ साली आपल्या सुरक्षित वस्तऱ्याचे पेटंट मिळविले. पुढे ते पाते घरोघर गेले आणि रोजची दाढी करणारे गिऱ्हाईक घरच्या आरशासमोर उभे राहिले. तिकडे बलुत्याची रीतही मोडली. खळ्यावरचे धान्य गेले आणि त्याबरोबर म्हाली म्हणून दारोदार फिरणेही गेले. तरी धंदा राहिला. धोकटी जाऊन खुर्ची आली, आरसा मोठा झाला, आणि पूर्वी ज्याच्या ओट्यावर आपण बसत होतो तो माणूस आपल्या दुकानात येऊन आपली पाळी येण्याची वाट पाहू लागला. हा बदल लहान नव्हे.

धंदा खरोखर बंद पडला तो मलमाने नव्हे, साथीने. २०२० च्या मार्चपासून दुकाने मिटली आणि २८ जून २०२० पासून ती उघडण्यास राज्य शासनाने परवानगी दिली, तीसुद्धा केस कापण्यापुरती; दाढीला नाही. त्या महिन्यांत किती चुली थंड राहिल्या हे येथे बसलेल्यांस आम्ही सांगावयास नको. परंतु त्या काळाने एक गोष्टही शिकविली. स्वच्छ टॉवेल, धुतलेले हात, आणि गिऱ्हाईकाच्या देखत उघडलेले नवे पाते यांना माणसे मान देतात. कावीळ पसरविणारे 'ब' व 'क' प्रकारचे विषाणू रक्ताच्या बारीक अंशातूनही एका पात्यावरून दुसऱ्या माणसाकडे जाऊ शकतात. तेव्हा एका पात्याने दोन दाढ्या करणारा बांधव समाजाचे जेवढे नुकसान करतो, तेवढे दहा मलमे करणार नाहीत.

वस्तऱ्याविषयी एक कटू सत्य आपण ऐकून ठेवावे. पूर्वी रुग्णालयांतून शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी रुग्णाचे अंग वस्तऱ्याने साफ करण्याचा प्रघात होता आणि त्या कामावर आपले पुष्कळ बांधव नोकरीस होते. १९७१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत असे दिसले की, वस्तऱ्याने केस काढलेल्या रुग्णांपैकी ५.६ टक्के लोकांच्या जखमा पिकल्या. मलमाने केस काढलेल्यांत किंवा मुळीच न काढलेल्यांत हे प्रमाण अवघे ०.६ टक्के होते. कारण डोळ्यांस न दिसणारे ओरखडे वस्तरा मागे ठेवतो आणि रात्रभरात त्यांत जंतू घर करतात. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१६ साली सांगितले की, शक्यतो केस काढूच नयेत, काढलेच तर यंत्राने कापावेत, वस्तरा लावू नये. हे मान्य करण्यात आपला अपमान नाही. हत्याराची मर्यादा जो जाणतो तोच त्याचा धनी.

तसेच मलमाचा गुणही मान्य करावा. ज्यांची दाढी अतिशय कुरळी असते त्यांचा वस्तऱ्याने तिरका कापलेला केस टोकदार होऊन परत कातडीत शिरतो आणि तेथे पुटकुळ्या येतात. अमेरिकेतील कृष्णवर्णीय पुरुषांस हा त्रास विशेष होतो. केसाचे टोक बोथट करणारी, तोंडासाठीच बनविलेली भुकटी त्यांच्यांत पुष्कळ वर्षांपासून वापरात आहे. छाती व पाठ साफ करू इच्छिणाऱ्या पैलवानास किंवा व्यायामपटूसही मलम सोयीचे पडते.

तर मग आपले काय राहिले? आपली विद्या राहिली. कोणाची कातडी कोरडी, कोणाची तेलकट, कोणाच्या मानेवर केस उलटा वाढतो, कोठे चामखीळ आहे, कोठे पुळी पिकते आहे, हे हाताच्या स्पर्शाने ओळखणे कोणत्याही नळीत भरून विकता येत नाही. म्हणून आमची नम्र सूचना अशी की, मलमाविषयी विचारणारा तरुण आला तर त्याची टवाळी करू नका, त्यास नीट सांगा. दाढीला मलम लावू नकोस. त्यासाठी दोन-तीन मिनिटे कोमट पाण्याने केस भिजू दे आणि केसाच्या वळणानेच पाते फिरव. अंगास लावावयाचे असेल तर आधी थोड्या जागी लावून एक दिवस वाट पाहा. घड्याळ समोर ठेव, वेष्टनावरील वेळ ओलांडू नकोस. खरचटलेल्या किंवा नुकत्याच वस्तरा फिरविलेल्या जागी लावू नकोस. पुन्हा लावण्यापूर्वी किमान तीन दिवस जाऊ देत. आग होऊ लागली तर लगेच भरपूर थंड पाण्याने धू. त्यावर तुरटी किंवा लिंबू चोळू नकोस आणि वैद्यास दाखव. एवढे सांगण्यास पैसा लागत नाही, आणि सांगणारा माणूस गिऱ्हाइकाच्या कायमचा लक्षात राहतो.

शेवटी आमच्या पुतण्याच्या त्या वाक्याकडे येतो. ज्यास आपल्या घराण्याच्या हत्याराची लाज वाटते त्यास आम्ही एक इतिहास सांगू. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने आपले बांधव एकत्र आले आणि विधवांचे केशवपन आम्ही करणार नाही असा त्यांनी निश्चय केला. ते काम रूढीचे होते, पैसे मिळवून देणारे होते. मोठमोठे पंडित त्या रूढीवर वाद घालीत बसले असता, ज्यांच्या हाती वस्तरा होता त्यांनी तो खाली ठेवला. वस्तरा केव्हा चालवावा आणि केव्हा चालवू नये हे ज्यांनी स्वतःच्या बुद्धीने ठरविले, त्यांचे वंशज आपण आहोत. यांत लपविण्यासारखे काय आहे?

गेल्या दिवाळीत आमचा पुतण्या पत्नीसह रामटेकास आला होता. दुकान उघडण्याच्या वेळी तो स्वतःहून आला, खुर्चीत बसला आणि म्हणाला, "काका, दाढी करा." बाहेर बाकावर चार गिऱ्हाइके बसली होती, त्यांपैकी एकाने विचारले, "हा कोण?" आम्ही उत्तर देण्यापूर्वी तोच म्हणाला, "मी घरचाच."

आम्ही त्याच्यासाठी नवे पाते उघडले. आपल्या प्रत्येक घरातील मुलगा आपल्या खुर्चीत असाच येऊन बसो, मग तो धंदा करो वा कचेरीत जावो, एवढीच आमची इच्छा आहे.